थंडीच्या दिवसांत होडींतून



काटोलच्या माणसानें होडीविषयीं बोलावें, आणि तेंहि थंडीच्या दिवसांतील होडीविषयीं, हें आपल्यापैकीं कित्येकांना चमत्कारिक वाटेल. काटोल म्हटलें कीं संत्र्यांच्या बागा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. समुद्र येथून शेंकडों कोस लांब. नदी आहे ती जाम, आणि उन्हाळ्यांत तिचें पाणी इतकें रोडावतें कीं होडी तर राहोच, पण कागदाची नाव सोडावयालाहि मुलांना डबकें शोधावें लागतें. शिवाय नागपूर म्हटलें कीं लोकांना आठवतो तो मे महिन्यांतील उन्हाळा. येथें थंडीहि पडते हें पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना कांहीं केल्या पटत नाहीं.

पण ती पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपूर येथें पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा रात्रीं आमच्याकडील बागाइतदाराला झोंप नसते. बागेच्या कडेनें काडीकचरा पेटवून धूर करावयाचा आणि झाडांना पाणी द्यावयाचें, हें काम पहांटेपर्यंत चालतें. ‘मामा, इतक्या थंडींत झाडांना आणखी पाणी कां?’ असें माझा भाचा लहानपणीं मला विचारी. त्याच्या प्रश्नाचें उत्तर आजच्या विषयाच्या मुळाशींच आहे, म्हणून तें आधीं सांगतों. उष्णता सांठवून ठेवण्याची पाण्याची शक्ति फार मोठी आहे. विहिरीचें पाणी बागेंत सोडलें म्हणजे तें हळूहळू निवतें आणि निवतांना आपली ऊब मुळांना व भोंवतालच्या हवेला देतें. परंतु हेंच पाणी स्वतः थंड असलें आणि त्यांत एखादी उष्ण वस्तु पडली, तर तितक्याच भुकेनें तें त्या वस्तूची ऊब ओढून घेतें. मनुष्याचें शरीर ही अशीच एक सदतीस अंशांची उष्ण वस्तु आहे. हवेपेक्षां पाणी सुमारें पंचवीस पट वेगानें अंगांतील उष्णता काढून नेतें. वीस अंशांच्या हवेंत आपण एक उपरणें घेऊन सुखानें गप्पा मारीत बसतों. वीस अंशांच्या पाण्यांत बसलों तर थोड्याच वेळांत दांतांवर दांत आपटूं लागतात.

आतां होड्या आमच्याकडे आल्या कोठून, हेंहि सांगितलें पाहिजे. भंडारा-गोंदियाकडील तलाव जुने आहेत. त्यांवर डोंगे पूर्वींपासून आहेत. त्यांत धरणांची भर पडली. आमच्या तालुक्यांत जाम नदीवर धरण झालें, तिकडे मोर्शीजवळ वर्धा नदी अडविली गेली, पेंचवर तोतलाडोह झाला. जेथें पाणी तेथें मासा, आणि जेथें मासा तेथें ढिवर. त्यांच्या मागोमाग, सुट्टीच्या दिवशीं, शहरांतील आपण. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर डिसेंबर-जानेवारींत सहकुटुंब बोटींत बसावयास जाणाऱ्यांची संख्या लहान नाहीं. कारण उघड आहे. उन्हाळ्यांत पाणी आटलेलें आणि अंग भाजणारें ऊन, पावसाळ्यांत वादळाचें भय. हिंवाळ्यांत मात्र आकाश निर्मळ, पाणी भरपूर आणि पाण्यावर उत्तरेकडून आलेले पक्षी. म्हणजे ज्या ऋतूंत पाणी सर्वांत थंड, नेमक्या त्याच ऋतूंत पोहतां न येणारी, पातळ सुती कपड्यांतील, मुलेंबाळें बरोबर असलेलीं माणसें पाण्यावर सर्वांत अधिक असतात.

माझ्या स्वतःच्या मूर्खपणाची गोष्ट सांगावयाची म्हणून मीं हें आमंत्रण स्वीकारलें, तेव्हां आतां ती सांगतों.

चार वर्षांपूर्वीं, जानेवारींतील एका पहांटे, मी आणि माझा भाचा आमच्या भागांतील एका जलाशयावर पट्टकादंब पाहण्यासाठीं गेलों होतों. हे हंसजातीचे पक्षी हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. भाचा त्या वेळीं चौदा वर्षांचा, अंगानें काडी. त्याच्या अंगांत सुती सदरा, त्यावर सुताचाच जाड अंगरखा आणि जीनची विजार. माझ्या गळ्यांत नवी दुर्बीण. ती मीं आठ महिने पैसे सांठवून घेतली होती आणि तिच्या मानानें भाचा मला त्या सकाळीं थोडा दुय्यमच वाटत होता, हें आतां कबूल करावयास हरकत नाहीं. नावाडी म्हणून एक वृद्ध ढिवर गृहस्थ होते. डोंग्यांत दोन लाइफ जॅकेटें होतीं. तीं आम्हीं पाटावर अंथरलीं, कारण पाट दंवानें ओला झाला होता.

तळ्याच्या मध्यावर पक्ष्यांचा थवा उठला. पट्टा मानेंत अडचण करीत होता म्हणून मीं दुर्बीण गळ्यांतून काढून मांडीवर ठेविली होती, ती घसरली. ती धरण्यासाठीं मी वांकलों, मला सांवरण्यासाठीं भाचाहि त्याच बाजूला वांकला, आणि डोंगा उलटला. ह्या सर्वाला दोन क्षणहि लागले नसतील.

पाण्यांत पडल्यावर मला जो पहिला अनुभव आला तो थंडीचा नव्हे. छाती एकदम आंत ओढली गेली आणि मोठा श्वास, मी न घेतां, आपोआप घेतला गेला. त्या वेळीं माझें तोंड पाण्याबाहेर होतें हें माझें नशीब. हांक मारावयाची होती, पण श्वास इतक्या वेगानें चालला होता कीं शब्द फुटेना. मी पोहणारा माणूस आहें. विहिरींत उड्या मारण्यांत बालपण गेलें. तीरहि फार लांब नव्हता. मी तिकडे हात मारूं लागलों तेव्हां पाठीमागून नावाडी ओरडले, ‘मास्तर, पोहूं नका! डोंग्याले धरा! पोराले धरा!’ त्यांनीं तोंवर भाच्याला उलट्या डोंग्यावर अर्धा चढविला होता.

त्या एका वाक्यांत किती शास्त्र भरलेलें आहे तें मला पुढें वाचनानें कळलें. थंड पाण्यांत पडलेला मनुष्य बहुधा गारठून मरत नाहीं. त्याच्या पुष्कळ आधीं मरतो. पहिल्या एकदोन मिनिटांत हा श्वासाचा झटका येतो. त्या झटक्यांत डोकें पाण्याखालीं असेल तर पट्टीचा पोहणाराहि बुडतो. पाणी बर्फासारखें असावें लागतें असें नाहीं. पंचवीस अंशांच्या खालीं पाणी गेलें कीं हा झटका जाणवूं लागतो, आणि आमच्या तळ्यांचें पाणी जानेवारीच्या पहांटे त्याच्या बरेंच खालीं असतें. म्हणून पहिल्या मिनिटांत कांहींहि न करतां फक्त तरंगावें, हाताला येईल तें धरावें आणि श्वास ताब्यांत येऊं द्यावा. त्यानंतरचीं दहावीस मिनिटें हातापायांचीं. शरीर आपलें रक्त आंतल्या अवयवांकडे ओढून घेतें, बोटें लांकडासारखीं होतात, दोरीची गांठ सुटत नाहीं, हात मारले तरी अंग पुढें सरकत नाहीं. तीर जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेला मनुष्य मध्येंच थकून जातो तो ह्यामुळें. पाणी आमच्याकडच्यासारखें असेल तर अंगाच्या गाभ्याची उष्णता पस्तीस अंशांच्या खालीं जाण्याची पाळी त्याच्याहि पुष्कळ नंतर येते. पण ती येते, आणि हाडकुळ्या मुलांच्या बाबतींत लौकर येते.

१९१२ च्या एप्रिलांत ‘टायटॅनिक’ बुडाली, त्या वेळीं समुद्राचें पाणी सुमारें उणे दोन अंश होतें. पाण्यांत पडलेल्या शेंकडों लोकांच्या अंगांत तरंगण्याचीं जाकिटें होतीं. तीं तरंगलीं आणि बहुतेक सर्व तरंगत असतांनाच मेलीं. हें उदाहरण ऐकून कोणी असें म्हणेल कीं मग जाकिटाचा उपयोग काय? तर उपयोग पहिल्या मिनिटाचा आणि पुढल्या दहावीस मिनिटांचा, आणि आमच्या पाण्यांत तेवढा बहुधा पुरतो. अट एवढीच कीं तें अंगांत असावें. पाण्यांत पडल्यावर गारठलेल्या बोटांनीं जाकिटाचे बंद बांधून पाहण्याचा प्रयोग मीं केला आहे; तो साधत नाहीं.

दहापंधरा मिनिटांनीं दुसरा डोंगा आला आणि आम्हांला तीरावर नेलें. येथें माझी गोष्ट संपावयास हवी होती. परंतु आतांपर्यंत झाला तो अपघात, आणि पुढें झाला तो अपराध.

तीरावर आल्यावर भाचा कांपत बसला होता. वारा सुटला होता. त्याचे सुती कपडे अंगाला चिकटले होते. आणि मी? मी दुसऱ्या नावाड्याला दुर्बीण कोठें पडली तें हातवारे करून दाखवीत होतों, त्याला तिकडे परत पाठवीत होतों, किती खोल असेल, गळ टाकून निघेल काय, असें विचारीत होतों. ह्यांत अर्धा तास गेला. मागें वळून पाहिलें तों भाच्याचें कांपणें थांबलें होतें. मला वाटलें, बरें झालें, ऊन लागलें. मीं त्याला कांहीं विचारलें. त्यानें जें उत्तर दिलें त्याचा प्रश्नाशीं संबंध नव्हता, आणि शब्द जिभेवर अडखळत होते. मीं म्हटलें, ‘ऊठ, थोडा धांव, म्हणजे गरम वाटेल.’ बरोबरच्या एका गृहस्थांनीं मोटारींतून मद्याची बाटली आणली.

तेवढ्यांत त्या वृद्ध नावाड्याची बायको शेकोटीकडून आली. तिनें एकदां मुलाच्या तोंडाकडे पाहिलें आणि आम्हां सर्वांना बाजूला सारलें. ‘त्याले उठवू नका. आंधी वले कपडे काढा, मंग बाकीचं,’ असें म्हणून तिनें स्वतःच त्याचा सदरा फाडून काढला, अंग कोरडें केलें, आपल्या घोंगडींत त्याला गुंडाळलें, वाऱ्याच्या आड आडवा निजविला आणि आपल्या थोरल्या मुलाला त्याच्या अंगाशीं अंग लावून त्याच घोंगडींत निजावयास सांगितलें. बाटली तिनें परत पाठविली. बऱ्याच वेळानें भाचा पुन्हां कांपूं लागला, तेव्हां ती पहिल्यांदा हंसली. मग गुळाचा गरम चहा, घोटघोट. मग दवाखाना.

त्या बाईनें जें केलें त्यांत एकहि चूक नव्हती, आणि मीं जें केलें किंवा करणार होतों त्यांत एकहि गोष्ट बरोबर नव्हती. कांपणें म्हणजे शरीरानें स्वतः पेटविलेली शेगडी; ती विझली आणि बोलणें असंबद्ध झालें म्हणजे स्थिति सुधारली नसून बिघडली. अशा माणसाला धांवडवूं नये, फार हलवूंहि नये. हातपाय चोळूं नयेत, कारण तेथील थंडगार रक्त एकदम हृदयाकडे जाणें धोक्याचें असतें. विस्तवाशीं अगदीं लगटून बसवूं नये. बधिर कातडीला भाजल्याचें कळत नाहीं. ऊब द्यावयाची ती छातीपोटाला, कांखांना, मानेला. मद्यानें अंगाला गरम वाटतें तें कातडीकडील रक्तवाहिन्या फुगल्यामुळें; म्हणजे आंतली उरलीसुरली ऊब बाहेर टाकून दिल्यामुळें. मनुष्य शुद्धीवर असेल आणि गिळूं शकत असेल तरच गोड, गरम पेय द्यावें.

ढिवर मंडळींना हें कळतें त्याचें कारण त्यांना हें रोज करावें लागतें. शिंगाड्याची तोडणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते आणि थंडी वाढत जाते तशी चालूच राहते. छातीभर पाण्यांत उभें राहून, किंवा डोंग्यावर अगर फुगविलेल्या रबरी ट्यूबवर बसून, वेल उलटून फळें खुडावयाचीं. शिंगाड्याचे कांटे गारठलेल्या बोटांना टोंचलेले कळतहि नाहींत. पुनःपुन्हां थंड पाण्यांत जाणाऱ्या शरीराला श्वासाचा झटका पुढें कमी कमी बसत जातो, असें शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे. म्हणजे तीं माणसें निराळ्या मातीचीं नसतात. त्यांनीं संवय विकत घेतलेली असते. आम्ही शहरांत उपासाला शिंगाड्याचें पीठ आणतों तेव्हां त्या किंमतीचा हिशेब पुडीवर छापलेला नसतो. आणि नदी ओलांडून मजुरीला जाणाऱ्या स्त्रियांना तर ही संवयहि नसते. २०२४ च्या जानेवारींत गडचिरोली जिल्ह्यांतील गणपूरजवळ मिरची तोडावयास निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेंत उलटली आणि कित्येकींना प्राणास मुकावें लागलें. त्यांना नौकाविहार करावयाचा नव्हता. त्या घाटांवर प्रत्येक नावेंत माणसामागें एक जाकीट ठेवणें ही फार मोठ्या खर्चाची गोष्ट आहे असें मला वाटत नाहीं.

आतां कपड्यांविषयीं. सूत हें आपल्या देशाचें भूषण खरें, पण ओलें सूत थंडींत माणसाचा वैरी होतें. तें पाणी धरून ठेवतें, अंगाला चिकटतें, आणि वारा लागला कीं तें पाणी सुकतांना अंगाचीच उष्णता घेऊन जातें. लोंकर ओली झाली तरी तिच्या तंतूंमध्यें थोडी हवा अडकून राहते आणि ती हवा हेंच खरें पांघरूण. आमच्या धनगरांची घोंगडी ह्या कामीं कोणत्याहि परदेशी कपड्याच्या पंक्तीला बसूं शकते. फक्त होडींत ती अंगाभोंवतीं गुंडाळून बसूं नये, कारण पाण्यांत पडल्यास ती जड होते आणि हातपाय अडकतात. तिची जागा तीरावर, कोरड्या ठिकाणीं. होडींत असतांना अंगाबरोबर बसणारा लोंकरीचा सदरा आंत, त्यावर दुसरा लोंकरीचा किंवा हल्लीं मिळतो तसा कृत्रिम धाग्याचा, आणि सर्वांत वर वारा न शिरूं देणारें पातळ जाकीट, असें असलें म्हणजे पुरे. एका जाड कोटापेक्षां तीन पातळ कपडे बरे, कारण वल्हें मारतांना घाम आला तर एक उतरवितां येतो. घामानें भिजलेला मनुष्य पाण्यांत पडलेल्या माणसाचा धाकटा भाऊच समजावा. कानटोपी घालावी. डोक्यांतूनच निम्मी उष्णता जाते ही मात्र भाबडी समजूत आहे. डोकें आपल्या वाट्याचीच उष्णता घालवितें, पण तें उघडें असतें आणि इतर अंग झांकलेलें असतें, एवढाच त्याचा दोष. मफलरचीं टोकें लोंबती ठेवूं नयेत, विशेषतः इंजिनाच्या बोटींत. पायांत चटकन् काढतां येईल असेंच कांहींतरी असावें.

काश्मिरांत दल सरोवरावर नावाडी फिरणाच्या आंत कांगडी घेऊन बसतात, हें आपण चित्रांत पाहिलें असेल. उघड्या शिकाऱ्यांत तें ठीक. परंतु त्याचें अनुकरण म्हणून चारी बाजूंनीं पडदे सोडलेल्या होडींत शेगडी पेटवून बसणें म्हणजे मृत्यूला निमंत्रण होय. कोळशापासून निघणाऱ्या विषारी वायूला वास नाहीं, रंग नाहीं; गुंगी येते ती उबेची असें वाटतें.

सामानाच्या बाबतींत परदेशी पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा उचलूं नये. तिकडे इंजिनांतील पाणी गोठतें, बर्फ होतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें आणि लोखंड फोडतें. म्हणून हिंवाळ्यापूर्वीं तें काढून टाकण्याची तिकडे धांदल असते. आमच्याकडे तें भय नाहीं. आमचें भय दंवाचें. रात्रीं अर्ध्या रिकाम्या टांकींतील हवेमधील बाष्प थंड होऊन तेलांत उतरतें; यास्तव टांकी भरून ठेवावी. थंडींत बॅटरीचा जोर कमी होतो, म्हणून इंजिन तीराजवळच सुरू करून तें एकसारखें चालूं लागेपर्यंत दोर सोडूं नये. मध्यावर जाऊन बंद पडलेलें इंजिन वाऱ्यांत बसावयाची शिक्षा देतें.

लांकडी होडीचें तर उलटेंच आहे. पुष्कळांना वाटतें, ओलाव्यानें लांकूड कुजेल, म्हणून होडी तीरावर ओढून उन्हांत ठेवावी. हिंवाळ्यांतील कोरड्या वाऱ्यानें फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि पहिल्याच दिवशीं होडींत पाणी येतें. जाणते लोक ती सांवलींत पालथी घालून वर ओलीं पोतीं टाकतात, किंवा वापर नसेल तेव्हां उथळ पाण्यांत बुडवूनच ठेवतात. जाळ्यांची रीत हल्लीं बदलली. पूर्वींचीं सुताचीं वा तागाचीं जाळीं रोज वाळवावीं लागत, सालींच्या काढ्यांत बुडवून पक्कीं करावीं लागत. नायलॉनचें जाळें कुजत नाहीं, पण उन्हानें तें ठिसूळ होतें आणि उंदराला तें पूर्वींइतकेंच आवडतें.

दुर्बीण आणि कॅमेरा ह्यांना थंडीपेक्षां थंडींतून उबेंत येणें अधिक बाधतें. पहांटेच्या होडींतून आणलेली गार दुर्बीण चहाच्या उबदार खोलींत उघडी ठेवली कीं कांचेवर बाष्प जमतें, कधीं कधीं आंतल्या बाजूलाहि, आणि मग पावसाळ्यांत तेथें बुरशी धरते. ती पिशवींतच तासभर राहूं द्यावी, खोलीइतकी उबदार झाली म्हणजे उघडावी. मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आंतल्या खिशांत, अंगाच्या उबेंत ठेवाव्या. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवींत घालून स्वतःच्या अंगावर असावा, कारण होडी उलटली तर मदत मागावयाची ती त्यानेंच. बाकी सर्व सामान दोरीनें होडीला बांधावें. स्वतःला मात्र कांहींहि बांधूं नये. बांधलेलें सामान धरावयास कोणी वांकत नाहीं, हा त्यांतला मुख्य फायदा. माझ्या दुर्बिणीला दोन हात सुतळी बांधली असती तर ह्या भाषणाचें कारणच उरलें नसतें.

ऊब आणि सामान ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं सांभाळण्याचा कळस मला वाटतो तो शॅकल्टनच्या प्रवासांत पाहावयास मिळतो. दक्षिण ध्रुवाकडील एलिफंट बेटावर त्याचे सोबती अडकले होते. मदत आणण्यासाठीं तो व पांच जण २४ एप्रिल १९१६ रोजीं साडेबावीस फुटांच्या एका लांकडी होडींतून निघाले, आणि जगांतील अत्यंत खवळलेल्या समुद्रावरून सुमारें पंधराशें किलोमीटर जाऊन १० मे रोजीं साउथ जॉर्जिया बेटाला लागले. होडीवर बर्फाचा थर चढे, तिचें ओझें होऊन ती बुडूं पाहे. तेव्हां ह्या मंडळींनीं पाळीपाळीनें वर सरपटत जाऊन तो बर्फ फोडून काढावा. निजण्याच्या थैल्या सांबराच्या जातीच्या हरणाच्या कातड्याच्या होत्या. त्या भिजून इतक्या जड झाल्या कीं त्यांतल्या कांहीं त्यांनीं सरळ समुद्रांत फेंकून दिल्या. पण लहानसा स्टोव्ह त्यांनीं जिवापाड जपला. दोन माणसांनीं तो पायांत धरून ठेवावा, तिसऱ्यानें भांडें सांभाळावें, आणि ठरल्या वेळीं प्रत्येकाला गरम अन्न किंवा दूध मिळावें. काय फेंकावयाचें आणि काय जपावयाचें हें त्यांना नेमकें कळलें होतें. आपल्याकडील दिलीप दोंदे २००९-१० मध्यें गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेहि ह्याच दक्षिणेकडील थंड समुद्रांवरून. शॅकल्टनजवळ जें नव्हतें तें त्यांच्याजवळ पुष्कळ होतें, पण ओल्या कपड्यांशीं आणि गारठलेल्या बोटांशीं झगडा तोच.

आमची धांव खिंडसीपर्यंत. तेव्हां एवढें करा: ऊन वर आल्यावर निघा, जाकीट अंगांत घाला, प्रत्येकाचा एक कोरडा कपड्यांचा जोड आणि एक घोंगडी तीरावर ठेवून जा, आणि एका थर्मासांत गोड चहा न्या. बोटींत बसतांना घरच्या वडील मंडळींना आपण कोठें जात आहों व केव्हां परतणार तें सांगून जा.

दुर्बीण सांपडली नाहीं. भाचा आतां अठरा वर्षांचा आहे आणि त्याच जलाशयावर, त्याच नावाड्यांबरोबर, दर जानेवारींत पक्षी मोजावयास जातो. त्या म्हाताऱ्या बाईला तो आजी म्हणतो, आणि मागच्या दिवाळींत त्यानें तिला नवी घोंगडी नेऊन दिली. माझ्या बहिणीला मात्र त्या दिवशीं मीं ‘पोरगा थोडा भिजला’ एवढेंच सांगितलें होतें. अर्ध्या तासाची हकीकत तिला ठाऊक नाहीं. ह्या वेळचीं भाषणें ती नेमानें ऐकते. आजचेंहि ऐकत असेल.